मदत हवी आहे: जुन्या रेकॉर्डची खरखर जात नाहीये (रविवारच्या आत!)

गडबडगुंडा
नमस्कार मंडळी. आजोबांच्या बालगंधर्वांच्या रेकॉर्डी माळ्यावरून काढून लॅपटॉपवर घेतल्या. खरखर इतकी की पद ऐकूच येईना. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) नॉइज रिडक्शन, म्हणजे खरखर कमी करायचं, मारलं. खरखर गेली, पण आता नारायणराव माठात तोंड घालून गातायत असं वाटतं आणि मागे कसलीतरी किणकिण. रविवारी आत्याची पंच्याहत्तरी आहे, तिथे लावायचंय. लवकर सांगा प्लीज.

चहाबाज
यूट्यूबवर सगळी पदं आहेत. ती लावा आणि जेवायला बसा.

गडबडगुंडा
आत्याला घरचीच रेकॉर्ड हवीय. दुसऱ्या कडव्याआधी टक्क होतं, ते टक्कसुद्धा तिला पाठ आहे.

कानसेन
७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी) की एलपी (नंतरची, विनाइल प्लास्टिकची)? प्लेअर कुठला? सुई कुठली? फाइल कसली? आकडे काय ठेवले? डॉक्टरला फोनवर नुसतं "दुखतंय" सांगितल्यासारखं झालं हे.

गडबडगुंडा
७८ च असणार ना, आजोबांच्या म्हटलं की! प्लेअर सुटकेससारखा, यूएसबीवाला. सुई त्यातलीच. एमपी३. आकडा ३० डेसिबल, दोनदा मारलं.

कानसेन
अहो, मग काय होणार? एलपीच्या सुईचं टोक पाऊण ते एक मिल, ७८ ला साधारण ३ मिल लागतं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी जाऊन बसते, आणि सगळा कचरा तिथेच असतो. ७८ ची सुई वेगळी मिळते, तुमच्या प्लेअरला बसते का बघा. एमपी३ नको, वेव्ह (आवाज न दाबलेली फाइल) करा. या रेकॉर्डी मोनो (एकाच वाहिनीच्या) आहेत, तेव्हा डावा-उजवा एकत्र करून मोनो केलंत की सुईच्या वर-खाली हलण्याचा आवाज तिथेच बराच मरतो. मग क्लिक रिमूव्हल (टकटक काढणं) आणि शेवटी नॉइज रिडक्शन, ६ ते ९ डेसिबल, एकदाच.

झकपक
हे सगळं नंतर. आधी रेकॉर्ड सर्जिकल स्पिरिटने पुसा. माझ्या वीस वर्षं आरशासारख्या आहेत.

कानसेन
गडबडगुंडा, अजिबात नको!! ७८ लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॉलिशवाल्याला विचारा. साधं पाणी, डिशवॉशचा एक थेंब, मऊ कापड. लेबल ओलं करू नका.

झकपक
वीस वर्षांचा अनुभव आहे म्हटलं.

कानसेन
तुमच्या विनाइलच्या असतील.

झकपक
हो, एलपीच आहेत. पण हे धागाकर्त्याने आधी सांगायला हवं होतं.

गडबडगुंडा
सांगितलं की वर!

नवयुग
एवढी मारामारी कशाला? एआयला द्या, गळा आणि वाद्यं वेगळी करून देतं.

मिरजेचा तंबोरा
दिलं होतं मी. सारंगीला गळा समजलं आणि अर्धी तान वाद्यांत टाकली. असो. गडबडगुंडा, नॉइजचा नमुना ("ही खरखर, एवढी काढ" म्हणून सॉफ्टवेअरला दाखवायचा तुकडा) कुठून घेतलात?

गडबडगुंडा
पद सुरू व्हायच्या आधीचे दोन सेकंद. बरोबर ना?

मिरजेचा तंबोरा
तिथे ऑर्गन वाजतोय का?

गडबडगुंडा
हो, सूर धरलेला असतो.

मिरजेचा तंबोरा
बघा, तिथेच घात झाला. त्याला वाटलं ऑर्गनचा सूर म्हणजेच खरखर. मग अख्ख्या पदातून तो षड्ज उपसून काढला, वर गळ्यातला त्याच पट्टीचा भागही नेला. तंबोऱ्याच्या रेकॉर्डींत माझंही असंच झालं होतं. सुई टेकल्यापासून वाद्य सुरू होईपर्यंत नुसती खरखर असते, नमुना तिथला घ्यायचा.

गडबडगुंडा
ते कापून टाकलं मी. उगाच खरखर कशाला ठेवायची म्हणून.

कानसेन
😀 मूळ फाइलीला कधी कात्री लावायची नाही. परत वाजवा. आणि सगळी खरखर जाणार नाही हं. लाखेत दगडाची भुकटी घालत, लोखंडी पिन घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. ती भुकटीच वाजते.

सूरदास
पण गतीचं काय? जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ ला कापलेल्या नसायच्या. पट्टी तपासल्याशिवाय काहीही साफ करणं चूक आहे.

चहाबाज
आत्याकडे ट्यूनर आहे का?

गडबडगुंडा
अपडेट: सुई शुक्रवारी आली, बसली. मोनो केलं, नमुना सुरुवातीचा घेतला, ८ डेसिबल. खरखर आहे, पण पावसासारखी मागे राहते. शब्द कळतात, सारंगीही ऐकू येते. क्लिक रिमूव्हलने आत्याचं टक्कपण खाल्लं होतं, ते मूळ फाइलीतून परत चिकटवलं. दुसरी बाजू अजून तशीच आहे. आज रात्री जागरण.

माळ्यावरचा_उंदीर
चांगली चर्चा. चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग पुण्यात कुठे मिळेल?