गाडीखाली झोपायला तुम्ही काय घेता?

पाना_नंबर_१४ (मुलुंड)

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण यात माझे तीन रविवार गेलेत म्हणून विचारतो. गाडीखाली शिरायचं तर अंगाखाली काय घ्यावं?

गाडी २०१४ची वॅगन आर. माझं वय ४८, कंबरेचं ६५. मागच्या सर्व्हिसिंगला (गॅरेजचं नाव विचारू नका) बिलात नवा ऑइल फिल्टर लावलेला होता. मला आधीपासून संशय होता, म्हणून गाडी देण्यापूर्वी बॉनेट उघडून, हात जेमतेम पोचवून, फिल्टरच्या बुडाशी लेकीच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका देऊन ठेवला होता. तो ठिपका अजून आहे की नाही हे वरून दिसत नाही, खालूनच बघावं लागतं. आणि ठरवलंय की खाली शिरलोच तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही स्वतःच बदलून बाहेर यायचं.

सोसायटीचं पार्किंग उघड्यावर, पेव्हर ब्लॉकचं. पहिल्या रविवारी घरातली प्लास्टिकची चटई घेतली. पेव्हरचे कोपरे पाठीत असे रुतले की दहा मिनिटांत बाहेर. दुसऱ्या रविवारी बायकोची योगा मॅट. मऊ आहे, पण ती अंगाला सोडतच नाही. मी आत सरकलो, शर्ट मात्र मागेच राहिला आणि बगलेपर्यंत गोळा झाला. तसाच अडकून पाच मिनिटं पडून होतो, वॉचमन वाकून विचारून गेला, "साहेब, बरं आहे ना?"

तिसऱ्या रविवारी चाकांची पाटी, म्हणजे क्रीपर, ऑनलाइन मागवला. प्लास्टिकचा, सहा चाकं, डोक्याला छोटी उशी. व्हिडिओत माणूस त्यावर असा सुळकन आत जातो की वाटतं, बस्स, हेच पाहिजे. आमच्याकडे चाकं सुपारीएवढी आणि पेव्हरच्या फटी बोटभर. एक चाक फटीत गेलं की पाटी जागच्या जागी फिरते आणि आपण आडवे.

शेवटी टेप घेऊन मोजायलाच बसलो. पुस्तकात गाडीचा ग्राउंड क्लीअरन्स १६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा इंच. पुढून उचलून स्टँडवर ठेवली तर चेंबरखाली (इंजिनाच्या बुडाशी ऑइल साठतं ती टाकी) मला चौदा-पंधरा इंच मिळतात. उताणा पडलो की माझी छाती साडेनऊ इंच (पोटाचा आकडा सांगत नाही). क्रीपर चार इंच खातो. पाना फिरवायला उरला अर्धा ते दीड इंच!

तुम्ही लोक काय करता?

बिनधास्त_बोरिवली

गॅरेज बदला आणि समोर उभं राहून काम करून घ्या. रविवारी झोपायचंच असेल तर घरात पंख्याखाली झोपा.

कोबावाला

क्रीपरला शिव्या देऊ नका, जमिनीला द्या. आमच्या बिल्डिंगला स्टिल्ट पार्किंग आहे, खाली गुळगुळीत कोबा. त्यावर माझा क्रीपर सहा वर्षं लोण्यासारखा चालतोय. एक्सलचा बूट बघायचा, मग सायलेन्सरचा रबर, मग परत बाहेर येऊन पाना शोधायचा, अशी ये-जा असेल तर क्रीपरला तोड नाही. पण कोब्यावरही आधी झाडू मारावा लागतो. साधा एक वॉशर चाकाखाली आला की पाटी जागेवर थांबते, आपलं डोकं तेवढं पुढे जातं आणि क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईवर, आपटतं. मला कपाळावर त्याची खूण आहे.

दुसरं असं की घट्ट नट सोडवायला जोर लावला की नट जागेवर राहतो आणि आपण सरकतो. तेव्हा एक पाय जमिनीवर रोवून ठेवायचा. पेव्हरवर मात्र विसरा.

डेपोतला_काका

पानासाहेब, मी बेस्टच्या डेपोत ३१ वर्षं फिटर होतो. आमच्याकडे झोपायची भानगड नव्हती. बस खड्ड्यावर आणून उभी करायची आणि आपण खड्ड्यात उतरून उभ्यानं काम करायचं. दुखायची ती मान आणि खांदे.

झोपायला शिकलो ते बाहेर. ड्यूटी सुटली की लालबागला एका मित्राच्या हाताखाली काळ्या-पिवळ्या टॅक्सी करायला जायचो. तेव्हा सगळ्या पद्मिनीच. पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ओढणारी चाकं मागची, मध्ये लांब शाफ्ट. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागे, म्हणजे थेट गाडीच्या पोटाखाली उताणं. रस्त्याच्या कडेला लिफ्ट कुठली! शेवटचा बोल्ट सुटला की गिअरबॉक्स छातीवर घ्यायचा आणि त्याला कवटाळून इंचाइंचानं बाहेर सरकायचं. आता कुणी करू नका, तेव्हा तिशीत होतो म्हणून निभावलं. त्या सरकण्यात मला एक कळलं. अंगाखालची वस्तू मऊ आहे की कडक हे नंतर बघायचं, आधी ती सरकू देते की नाही ते बघायचं. तुमची योगा मॅट नापास झाली ती इथेच.

गोणपाट मीही वापरून पाहिलंय. फुकट मिळायचं, म्हणून एकदा मिरची गल्लीतनं एक रिकामं पोतं उचलून आणलं. मे महिना, दुपारी दोनची वेळ, बनियनवर त्याच्यावर पडलो. पोत्याच्या धाग्याधाग्यात तिखट होतं, घाम आला तसं ते पाठीत उतरायला लागलं. मी गिअरबॉक्सचे दोन बोल्ट अर्धवट ठेवून बाहेर पळालो आणि जवळच्या नळाखाली जाऊन बसलो. टॅक्सीवाल्याला वाटलं, अंगावर ऑइल सांडलं. मित्र आठवडाभर मला 'संकेश्वरी' म्हणत होता. पोतं धुतलेलं असलं तरी तागाचा धागा शर्टला धरतो आणि ऑइल पिऊन जड होतो. नकोच.

पुठ्ठा घ्या. साधा, नालीदार पुठ्ठा. फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका एका बाजूनं कापून उलगडला की माणूस लांबीला मावतो. त्याच्या नळ्यांमध्ये हवा असते म्हणून खालची ओल आणि गारठा पटकन वर येत नाही, उन्हात तापलेली लादीही चटका देत नाही. कापड त्याच्यावर घसरतं. सांडलेलं ऑइल तो शोषून घेतो, पाठीपर्यंत ओघळ येऊ देत नाही. आणि जाडी किती? अर्धा सेंटिमीटर. म्हणजे क्रीपरनं खाल्लेले चार इंच तुम्हाला परत मिळाले. नळ्या तुमच्या सरकण्याच्या दिशेनं ठेवा, आडव्या ठेवल्यात तर खोका मधेच दुमडतो.

तुमच्या पेव्हरवर नुसता पुठ्ठा फटींवर फाटेल, म्हणून त्याच्याखाली फ्लेक्स अंथरा. वाढदिवसाचे फ्लेक्स मुंबईत मागायलाही लागत नाहीत, वाढदिवस उलटला की कुठेतरी गुंडाळून पडलेले असतात. दोन पदर करा, छापलेली बाजू वर. ती गुळगुळीत असते आणि ऑइल पुसून निघतं. नुसत्या फ्लेक्सवर झोपू नका, त्यावर सांडलेलं ऑइल जिरत नाही, उताराला लागतं आणि उतार नेमका तुमच्या मानेकडे निघतो. फ्लेक्स सरकू नये म्हणून गाडी उचलण्याआधी त्याची एक कड मागच्या चाकाखाली घ्या.

पण जॅक आणि स्टँड फ्लेक्सवर चुकूनही ठेवायचे नाहीत. तिथला फ्लेक्स कापून टाका. पेव्हरखाली रेती असते. स्टँडच्या पायाखालचा एकच ब्लॉक खचला की स्टँड तिरका होतो. फूटभर चौरस, पाऊण इंची प्लायचा तुकडा प्रत्येक स्टँडखाली घाला. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये. स्टँडवर ठेवल्यावर बाहेरून गाडीला चांगला हिसका देऊन बघा. हलायचीच असेल तर तुम्ही बाहेर असताना हलू दे. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालायचं नाही, 'एकच मिनिट' म्हणूनही नाही. जॅकचं सील बसायला एक मिनिट पुरतं.

पावसाळ्यात ओल्या जमिनीवर झोपूच नका. गाड्यांखाली उंदीर असतात, ओलीत त्यांचं मूत असतं, आणि हाताला पान्याचं खरचटलेलं असतंच. लेप्टो तिथूनच शिरतो. आमच्या डेपोतला एक जण त्यानं तीन आठवडे आडवा होता. तुमच्या प्रश्नातलं आडवं होणं वेगळं, ते वेगळं.

मुंबईची_मान

मी फिजिओथेरपिस्ट आहे. काकांचं वाचून गिअरबॉक्सखाली माझीच छाती दबली! सगळे पाठीचं बोलताय, पण माझ्याकडे येणारे लोक मान घेऊन येतात. उताणं पडल्यावर वर बघायला डोकं उचलून धरावं लागतं आणि दहा मिनिटांत मानेचे पुढचे स्नायू थरथरायला लागतात. डोक्याखाली काहीतरी हवंच. जुना टॉवेल घडी करून, साधारण दोन इंच. गुडघे दुमडून पाय जमिनीवर टेकवा, कंबरेला आराम पडेल. दोन्ही हात वर धरून सलग काम करू नका, अधूनमधून ते छातीवर ठेवा.

चाळिशी उलटलेल्यांनी बाहेर आल्यावर लगेच ताडकन उठू नये. डोकं मागे टाकून पडल्यावर काहींना गरगरतं, वर बघतानाही गरगरतं. आधी कुशीवर वळा, हातावर रेटा देऊन बसा, दोन श्वास घ्या, मग उठा. जवळपास कुणीतरी असू द्या. तुमचा तो वॉचमन चालेल.

बिनधास्त_बोरिवली

आता मलाच गाडीखाली झोपावंसं वाटायला लागलंय. फ्लेक्स कुणाचा घ्यायचा, सत्ताधारी की विरोधी?

डेपोतला_काका

जाड असेल तो.

पाना_नंबर_१४ (मुलुंड)

काल केलं. सांगतो.

चौथ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे परवा फ्रिज आला. खोका लिफ्टपाशी दिसला तेव्हा मी पंधरा मिनिटांत तीन वेळा खाली जाऊन तो अजून आहे का बघून आलो. शेवटी काकूच म्हणाल्या, "न्या हो एकदाचा!" फ्लेक्स वॉचमननं दिला, त्याच्या केबिनच्या छपरावर पावसाळ्यासाठी टाकलेला होता. कुणाचा ते सांगत नाही, पण हसरा चेहरा आणि जोडलेले हात बरोबर माझ्या पाठीखाली आले. आत सरकताना सेक्रेटरी वरून म्हणाले, "अहो, भाऊंवर काय झोपताय!"

काकांनी सांगितल्याप्रमाणे प्लाय घातले. डाव्या स्टँडखाली ब्लॉक खरंच किंचित हलत होता, प्लायशिवाय ठेवला असता तर मला कळलंही नसतं. हिसका देऊन पाहिला, गाडी ढिम्म.

आणि पुठ्ठ्यावर काय सरकतो हो माणूस! टाचा रोवल्या, एकदा ढकललं आणि थेट चेंबरखाली. डोक्याखाली टॉवेल. चौदा इंचांत साडेनऊ इंचांचा मी, वर हात आरामात. खालून सगळं इतकं जवळ दिसतं की पहिली दोन मिनिटं मी नुसता बघतच होतो. सुकलेला चिखल, एका कोपऱ्यात कुठलं तरी पिंपळाचं पान, आणि चेंबरच्या कडेला घामासारखं ऑइलचं एक थेंबभर तोंड, पडू की नको करणारं.

चेंबरचा नट रिंग पान्यानं सोडवला. गाडी तासभर आधी बंद केली होती तरी ऑइल चांगलं कोमट होतं, शेवटची धार पातेल्याच्या बाहेर गेली आणि कोपरापाशी आली. पुठ्ठ्यानं ती गपकन पिऊन टाकली. तो तेलकट तुकडा तेवढा कापून टाकला, बाकीचा पुठ्ठा गुंडाळून जिन्याखाली ठेवलाय. जुनं ऑइल कॅनमध्ये भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला दिलं, तो गोळा करणाऱ्याला देतो.

हो, फिल्टर. टॉर्च मारला तर बुडाशी, धुळीखाली, गुलाबी ठिपका. बोटानं पुसला तर चमकला. तसाच पडल्या पडल्या फोटो काढला आणि लेकीला पाठवला. तिचं उत्तर: "ती शेड आता मिळत नाही, बाबा."

बाहेर येताना कुशीवर वळलो, बसलो, दोन श्वास घेतले. वॉचमन पाण्याची बाटली घेऊन उभाच होता.

क्रीपर परत करायची मुदत संपली. बायकोनं बाल्कनीत नेऊन त्यावर तुळस, मोगरा आणि कढीपत्त्याची जड कुंडी ठेवलीय. लादी पुसताना पायानं ढकलते. तिथे मस्त चालतो.