मदत हवी आहे : तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, आईला घेऊन

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आईला तंजावरला न्यायचं ठरवलंय. ती ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं मंदिर, दोनशे फुटांहून उंच विमान (म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर), हे सगळं बघायचंच आहे. पण आईचा खरा जीव अडकलाय तो तिथल्या मराठी शिलालेखात. तंजावरचे मराठा राजे सरफोजी (दुसरे) यांनी १८०३ साली आपल्या भोसले घराण्याचा इतिहास मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतला, तो तिला स्वतः वाचायचाय. आयुष्यभर तिने शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे ही इच्छा मला पुरी करायचीच आहे.

तर, तो लेख आवारात नेमका कुठल्या बाजूला आहे? महाद्वारापासून किती चालावं लागतं? अक्षरं जवळून वाचता येतात का? व्हीलचेअर मिळते का, की आपली न्यावी? अनवाणी चालताना दगड तापतात म्हणे, मग सकाळी किती वाजता पोचावं? त्रिचीला उतरून गाडी करणार आहोत. सरस्वती महाल ग्रंथालय त्याच दिवशी जमेल, की तंजावरला मुक्कामच करावा? वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.