०.९९९… म्हणजे १? शाळेची पुस्तकं दाखवू नका

खातेवहीवाला: काल कुणीतरी इथे ठोकून दिलं, "०.९९९… म्हणजे १च, पटत नसेल त्यांनी परत शाळेत जावं." चौतीस वर्षं पतपेढीत जमाखर्च जुळवलाय मी. शंभर रुपये तिघांत वाटले की ३३.३३, बेरीज ९९.९९. त्या एका पैशापायी मार्चअखेरीला रात्री साडेनऊपर्यंत बसलोय. शेवटी तिसऱ्याच्या नावावर ३३.३४ टाकले नि घरी गेलो. आणि हे म्हणे सारखंच!

त्रिज्या: काका, तुम्ही दोन घरांवर थांबलात म्हणून पैसा हरवला. हे नऊ थांबतच नाहीत. क्ष = ०.९९९… धरा. दहापट ९.९९९…, त्यातून क्ष वजा केला की ९क्ष = ९. आता क्ष किती?

खातेवहीवाला: दहापट केल्यावर शेवटचा एक नऊ कमी पडतो, तो कुठून आणलात?

त्रिज्या: शेवटचा? आहे कुठे तो? ऑयलर नावाच्या गणितज्ञानं १७७०मध्येच ९.९९९… = १० दाखवून ठेवलंय.

पाऊणकी: दुखणं मुळात आहे. आम्ही पाव, अर्धा, दीड, साडेतीनचे पाढे, म्हणजे पावकी, निमकी, दिडकी, औटकी घोकली, अपूर्णांक जिभेवर असायचे. २०१९ला दुसरीच्या पुस्तकात पंचवीसचं 'वीस पाच' केलं, तिथेच गणिताचा घात झाला.

दुसरीची आई: माझा मुलगा त्याच वर्षी दुसरीत होता. त्रेसष्ट सांगितलं की आधी तीन लिहायचा, मग सहा. 'साठ तीन' म्हटल्यावर एकदाही चुकला नाही. कन्नड, तेलुगू मुलं असंच मोजतात, त्यांचं काय बुडालं?

पाऊणकी: मग मराठी सोडूनच द्या ना! एकोणऐंशी म्हणजे किती, विचारा चिरंजीवांना.

दुसरीची आई: तुमच्या नातवाला विचारा. औटकी तर तुम्हालाही आता येत नसणार.

पाऊणकी: तीन औटे साडेदहा. पुढे म्हणू?

त्रिज्या: अहो, धागा दशांशाचा आहे! काका, दोन संख्या वेगळ्या असतील तर मध्ये तिसरी बसायलाच हवी. ०.९९९… आणि १ यांच्या मधली एक सांगा, मी गप्प बसते.

खातेवहीवाला: दुपारपासून कागद घेऊन बसलोय. सापडत नाही. बरं, असतील सारखे. पण ९९.९९ला शंभर लिहिलं असतं तर ऑडिटरला तुमचा ऑयलर दाखवायला आला असता का?

त्रिज्या: ९९.९९ नाही हो काका, ९९.९९९…! ती टिंबं!!

खातेवहीवाला: टिंबांना आमच्या वहीत रकाना नव्हता.