ग्रंथपालाने निवडणुकीला उभं राहावं का?

मी पंचवटीतल्या छोट्या वाचनालयात २२ वर्षं ग्रंथपाल. गल्लीतले म्हणतात, "ताई, नगरसेवकपदाला उभ्या राहा." आफ्रिकेतल्या कुणा ग्रंथपालाचं उदाहरण आहे का?

उत्तर: ताई, निवडणूक राहू द्या, पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातले ग्रंथपाल अब्देल कादर हैदरांचं बघा. २०१२ मध्ये तिथलं जुन्या हस्तलिखितांचं शहर टिंबक्टू बंडखोरांच्या हाती गेलं. हैदरांनी ही हस्तलिखितं लोखंडी ट्रंकांत भरली आणि गाड्यांतून, नायजर नदीतल्या होड्यांतून गुपचूप राजधानी बामाकोला पोचवली. आपल्याकडे ट्रंकेत शालू!

उत्तर: तरी जानेवारी २०१३ मध्ये पळता पळता बंडखोरांनी टिंबक्टूतल्या अहमद बाबा या हस्तलिखित-संस्थेतली काही हस्तलिखितं जाळलीच.

ताई: २०१९ च्या गोदेच्या पुरात आम्हीही खालच्या फळीवरची पुस्तकं चादरीत बांधून माळ्यावर नेली. पंचांगांना अजून कुबट वास येतो. निवडणुकीचं बघू, आधी पत्रे बदलायचेत.