सल्ला हवाय: महिन्याची फी नसलेला, चौघांनी मिळून खेळायचा ऑनलाइन गेम (खरोखर फुकट कुठला?)

इंदिरानगरचा_ऑर्क

नमस्कार मंडळी, बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

आम्ही चौघं मित्र, इंजिनिअरिंगला नाशकात एकत्र. २०११ च्या सुमारास एकाच्या अमेरिकेतल्या भावाने त्याचं वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं अकाउंट आम्हाला वापरायला दिलं (नियमात बसत नाही माहितीये, तेव्हा अक्कल नव्हती). अकाउंट एक आणि खेळणारे चार, म्हणून जर्नलच्या मागच्या पानावर टाइमटेबल केलेलं, सहा ते आठ मी, आठ ते दहा पश्या, पुढे बाकीचे दोघं. मी दोन तास घासून एखादी तलवार मिळवायची आणि पश्याने त्याच्या पाळीत ती विकून गेममधला घोडा घ्यायला पैसे लावायचे, यावरून आमचं आठ आठ दिवस बोलणं बंद असायचं.

आता मी नाशकात, पश्या हिंजवडीत, एक बंगळुरात आणि एक टोरांटोला. ठरलंय की शनिवारी रात्री दहाला, पोरं झोपली की, दोन तास खेळायचं. वॉरक्राफ्टच्या महिन्याच्या फीचे १५ डॉलर तेव्हा सातशेच्या आत बसायचे, आज तेराशेच्या वर जातात, आणि महिन्यात चार शनिवार, त्यातले दोन लग्नं-बारशात जाणार, म्हणून फी नको. ऐकलंय की आधी फी घेणारे बरेच गेम नंतर फुकट झाले. पण फुकट म्हणजे किती फुकट? माझा लॅपटॉप ऑफिसचा जुना, ग्राफिक कार्ड नाही, रॅम ८ जीबी. एकमेकांना मारायचा गेम नकोय, एकत्र फिरायचा हवाय. आणि बॅटल रॉयाल (शेवटी एकच उरेपर्यंत मारामारी) सुचवू नका प्लीज, आमची बोटं आता तेवढी चालत नाहीत.

रस्सा_वाढा

मिसळ फुकट असते भो, पावाचे ऐंशी आणि पापडाचे चाळीस. गंगापूर रोडला असं कोणी केलं तर दुसऱ्या दिवशी काच फुटेल, पण गेमवाल्यांचं चालतं.

जुनी_चाळ

ऑर्क भाऊ, चांगला विषय काढलात, जरा लांबण लावतो.

हे फुकटाचं पर्व पाश्चात्त्य गेममध्ये सुरू झालं ते डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनपासून. २००६ ला आलेला गेम, फी भरायला माणसं मिळेनात, तेव्हा टर्बाइन कंपनीने सप्टेंबर २००९ ला दार उघडं केलं, या, फुकट खेळा, पुढचे भाग हवे असतील तर विकत घ्या. लोक आलेच आणि गंमत म्हणजे पैसेही जास्त आले. वर्षभराने त्यांनी लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइनचं (आपण लोट्रो म्हणू) तेच केलं आणि थोड्याच महिन्यांत उत्पन्न तिप्पट झाल्याचं जाहीर केलं. मग काय, रांगच लागली. सिटी ऑफ हीरोज, एव्हरक्वेस्ट २, स्टार ट्रेक ऑनलाइन, एऑन, टेरा, रिफ्ट, सगळे २०११ ते २०१३ मध्ये. स्टार वॉर्स द ओल्ड रिपब्लिक तर डिसेंबर २०११ ला वाजतगाजत आला आणि नोव्हेंबर २०१२ ला फुकट झालासुद्धा, वर्षही भरलं नाही.

हिशोब सोपा आहे. फीवाल्या गेममध्ये सगळ्यांकडून सारखे पैसे, आणि तुमच्यासारखा महिन्यात दोनदा येणारा माणूस तिसऱ्या महिन्यात फी बंद करतो. फुकटवाल्यात बहुतेक जण एक रुपया देत नाहीत, पण थोडे लोक एवढे देतात की सगळ्यांचं भागतं, आणि न देणाऱ्यांमुळे गावात गर्दी दिसते, गर्दी दिसली की देणारे टिकतात. म्हणजे फुकटे हे सजावटीचं सामान आहे (मीपण त्यातलाच, हलके घ्या).

पण फुकट केलं म्हणून गेम वाचतोच असंही नाही. वाइल्डस्टार जून २०१४ ला फी लावून आला, सप्टेंबर २०१५ ला फुकट झाला, नोव्हेंबर २०१८ ला कुलूप. मी त्यात घर बांधलं होतं, अंगणात झोपाळा वगैरे. गेलं सगळं.

तर कुठल्याही फुकट गेममध्ये शिरताना बघायचं की ते विकतात काय. नवीन प्रदेश आणि गोष्ट विकत असतील तर उत्तम. कपडे, घोड्याचे रंग विकत असतील तर आपल्याला काय करायचंय. पण आधी त्रास देऊन मग त्रास काढायचे पैसे घेत असतील तर सावध. स्टार वॉर्सवाल्यांनी सुरुवातीला फुकट्यांना स्क्रीनवरच्या बटणांच्या पट्ट्यासुद्धा मोजून दिल्या होत्या, जास्तीची पट्टी हवी तर पैसे! तलवार तुझी, पण मूठ भाड्याने.

काकू_लेव्हल_ऐंशी

गिल्ड वॉर्स २ घ्या. मी ५१ वर्षांची आहे, देवळालीत राहते, सात वर्षं खेळतेय, त्यामुळे माझं ऐकायला हरकत नाही.

याला महिना फी कधीच नव्हती, २०१२ ला आला तेव्हा एकदा विकत घ्यायचा होता, २०१५ च्या ऑगस्टपासून मूळ गेम फुकट केला. मला आवडतं ते वेगळंच. सगळ्यात वरची लेव्हल ८० आहे, आणि २०१२ पासून ८०च आहे. बाकी गेममध्ये नवीन भाग आला की लेव्हल वाढते आणि तुमचं सगळं सामान भंगारात. माझ्या मुलीचं बाळंतपण होतं तेव्हा आठ महिने लॉगिन केलं नाही, परत आले तर माझं चिलखत तसंच कामाचं.

फुकट अकाउंटला अडचणी आहेत, लपवत नाही. कॅरेक्टर दोनच करता येतात, बाजारात सगळ्या वस्तू घेता-विकता येत नाहीत, टपालाने एकमेकांना सोनं-सामान पाठवता येत नाही. चोरटे आणि सोनं विकणारे दलाल शिरू नयेत म्हणून आहे ते. कुठलंही एक एक्सपान्शन (नंतर आलेला जोड-भाग) घेतलं की हे जाच सुटतात, आणि ते एकदाच घ्यायचं.

इंदिरानगरचा_ऑर्क

काकू __/\__ दंडवत. म्हणजे पश्याला माझं सोनं टपालाने मागता येणार नाही, हा तर मला फायदाच दिसतोय.

सातपूर_सेकंड_शिफ्ट

माझं ऐका, फुकट या शब्दाचीच भीती बाळगा. आमच्या भाच्याला (वय १३) मोबाइलवर एक गेम टाकून दिला होता, नाव नाही घेत, तो पण फुकटच होता. ताईच्या फोनवर यूपीआय, पिन त्याला पाठ, कारण किराणावाल्याला पैसे पाठवायचं काम त्याच्याकडेच. कधी ४९, कधी ८९, कधी १५९, असं करत चार महिन्यांत ११ हजार, आणि सगळे पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेटीतून काय निघतंय बघण्यात. बंदुकीचा एक रंग हवा होता, तो निघेचना. ताईला कळलं ते गॅस बुक करताना बॅलन्स नाही म्हणून. पोराला विचारलं तर म्हणे मामा, पुढच्या पेटीत नक्की होता. हे वाक्य मी आमच्या कंपनीतल्या एका माणसाच्या तोंडून ऐकलंय, तो आकडा लावायचा.

बेल्जियममध्ये २०१८ लाच अशा पैशाच्या पेट्यांना जुगार ठरवलंय. त्यापेक्षा महिना फी परवडली, आकडा कळतो तरी.

नवा_भिडू

पण मध्ये सरकारने ऑनलाइन गेम बंद केले ना?

जुनी_चाळ

नाही हो. ऑगस्ट २०२५ चा कायदा आहे तो पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमवर, रमी वगैरे. आपल्या तलवारी-जादूवाल्यांना धक्का नाही.

सातपूर, भाच्याचं वाचून वाईट वाटलं. पेटीवाल्या गोष्टीला शंभर टक्के अनुमोदन, नशिबाची पेटी दिसली की मी पण पळतो. पण फीवाल्या गेमचीही आपल्याकडे एक गंमत आहे, ऑक्टोबर २०२१ ला रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे नियम लागू झाले तेव्हा बऱ्याच परदेशी कंपन्यांची दर महिन्याची वजावट आपल्या कार्डावर अडकायला लागली. माझं एक सबस्क्रिप्शन तीन वेळा बाउन्स होऊन बंद पडलं, मी केलंच नाही बंद. बायको म्हणाली बँकेला तरी अक्कल आली.

पिंग_पांडुरंग

सगळे पैशाचं बोलतायत, पिंगचं (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) कोणीच नाही. चौघांपैकी एक टोरांटोला आहे म्हणताय, मग सर्व्हर युरोपचा धरा. मला पंचवटीतून युरोपला दीडशेच्या आसपास मिळतं, अमेरिकेला अडीचशेच्या वर जातं. टोरांटोवाल्यालाही युरोप चालून जाईल. नेमबाजीच्या गेमला दीडशे म्हणजे मरण, पण लोट्रोसारख्या संथ गेमला काही फरक पडत नाही, जादू अर्धा सेकंद उशिरा लागली तर अस्वल काय पळून जात नाही. आणि वेळ बघा, तुमचे रात्रीचे दहा म्हणजे टोरांटोला उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा, त्याची बायको जेवायला बोलावणार ऐन मारामारीत.

रच्याकने (जाता जाता), सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्याकडे रस्ते खोदतायत, आठवड्यातून एकदा फायबर तुटतेच. मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

मध्यमग्राम

फायनल फॅन्टसी १४ कोणीच कसं नाही म्हटलं? तो अजून फीवालाच आहे, पण त्याचा ट्रायल बऱ्याच फुकट गेमपेक्षा मोठा. मुदत नाही, आणि ऑक्टोबर २०२३ पासून तर लेव्हल ७० पर्यंत, दोन एक्सपान्शनसकट. मी एकटा वर्षभर त्यावरच जगलोय. फक्त एक, एकदा पैसे भरून पूर्ण गेम घेतला की त्या अकाउंटवर परत ट्रायलला येता येत नाही, मग फी आलीच. घाईत विकत घेऊ नका.

काकू_लेव्हल_ऐंशी

गोष्ट छान आहे त्याची पण ऐकून-बघून संपत नाही हो. यांना दोन तास मिळणार, त्यात दीड तास पात्रं बोलतच राहतील आणि हे चौघं चार ठिकाणी बसून नुसतं वाचणार. मित्रांबरोबर खेळायला नाही तो, निदान सुरुवातीला तरी.

जुनी_चाळ

काकूंशी सहमत. तुमच्या लॅपटॉपकडे बघून मी दोन नावं देतो.

एक, सिटी ऑफ हीरोज. २००४ चा गेम, ग्राफिक कार्ड नसलं तरी चालावा. २०११ ला फुकट झाला, नोव्हेंबर २०१२ ला कंपनीने बंदच केला. लोक ऐकेनात, त्यांनी स्वतःच सर्व्हर उभे केले, त्यातल्या होमकमिंग नावाच्या गटाला जानेवारी २०२४ ला मूळ कंपनीने रीतसर परवानगी दिली. त्यात दुकानच नाही. विकत घ्यायला काहीच नाही! सर्व्हरचा खर्च वर्गणीतून, महिन्याची वर्गणी जमली की ते देणगी घेणं थांबवतात. आपल्या गल्लीतल्या गणपती मंडळाने असं केलेलं मी तरी पाहिलं नाही.

दोन, लोट्रो. एप्रिल २०२२ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांनी हेल्म्स डीप या भागापर्यंतच्या सगळ्या क्वेस्ट (कामगिऱ्या) कायमच्या फुकट केल्या, लेव्हल ९५ पर्यंत पुरतात. शनिवारी दोन तास या वेगाने तुमची पोरं कॉलेजला जातील तोवर संपणार नाही. शिवाय नुसतं फिरून, राक्षस मारून दुकानाचे पॉइंट मिळत राहतात, थेंबे थेंबे. कटकट एकच, पिशवी फार लवकर भरते, आणि जागा दुकानात मिळते, आलं ना लक्षात. जे नको ते लगेच विकत जा. आणि त्यात वाद्यं खरंच वाजवता येतात, नोटेशनची फाइल टाकली की चौघं मिळून बॅन्ड होतो.

इंदिरानगरचा_ऑर्क

बॅन्ड म्हटल्यावर पश्या दुसऱ्या कुठल्या गेमचं ऐकेल असं वाटत नाही आता. वाखु (वाचनखूण) साठवली, सगळ्यांचे आभार, लोट्रो टाकतोय. खेळलो की कळवतो.

इंदिरानगरचा_ऑर्क (तीन आठवड्यांनी)

अपडेट. पहिल्या शनिवारी खेळलोच नाही, बंगळुरवाल्याचं डाउनलोड ६१ टक्क्यांवर आणि आम्ही तिघं नुसते कॉलवर दोन तास बोलत बसलो. ते पण बऱ्याच वर्षांनी.

दुसऱ्या शनिवारी सगळे जमलो. तीन हॉबिट आणि एक एल्फ, एल्फ अर्थात टोरांटोवाला, त्याला आधीपासूनच उंच व्हायचं असतं. माझा लॅपटॉप सगळ्यात कमी सेटिंगवर चालतोय, झाडं पुठ्ठ्याची दिसतात पण चालतंय. ब्री नावाच्या गावातल्या खानावळीत जाऊन वाद्यं काढली, मी ढोल, पश्या ल्यूट, कोणाचा कोणाला मेळ नाही. एक अनोळखी बुटका येऊन समोर बसला, टाळ्या वाजवून गेला. पंधरा मिनिटांनी नेट गेलं. पांडुरंगा, तुमचं तोंड गोड करायला हवं, आमच्या चौकात पण खोदलंय. हॉटस्पॉटवर परत आलो तर माझा हॉबिट तिथेच ढोल धरून उभा आणि हे तिघं जेवणाच्या सुट्टीवर.

खर्च आत्तापर्यंत शून्य रुपये. पिशवी मात्र दुसऱ्याच रात्री भरली, म्हणून कातडी कमावायला लागणारी सगळी चामडी पश्याकडे ठेवायला दिली होती, चाळीसेक तरी होती. काल विचारलं कुठेत, तर म्हणे विकली, घोड्यासाठी पैसे साठवतोय.