माझदाचा लौकिक नेमका कशामुळे?

यारा_काठी:

मी गेली सहा वर्षे मेलबर्नमध्ये राहतो. इथे आल्यापासून पाहतो आहे की, आपल्याकडे जिची मोटार रस्त्यावर जवळजवळ दिसतच नाही, त्या माझदा या जपानी कंपनीच्या गाड्या इथल्या प्रत्येक गल्लीत उभ्या असतात. मी माझदा घ्यायच्या विचारात आहे असे पुण्यातल्या थोरल्या भावाला फोनवर सांगितले, तेव्हा त्याने आधी विचारले, "ती ट्रकवाली का?" त्याचेही बरोबर आहे, कारण स्वराज माझदाचे ट्रक आणि शाळेच्या बसगाड्या यांपलीकडे हे नाव त्याच्या कानावर कधी आलेले नाही.

माझी खरी अडचण वेगळी आहे. कार्यालयातला एक सहकारी सांगतो की, या कंपनीच्या गाडीला वर्षानुवर्षे काही होत नाही. दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो की, हिची इंजिने लाखभर किलोमीटरच्या आत बसतात. दोघेही गाड्यांतले जाणकार आहेत. एकाच कंपनीबद्दल अशी दोन टोकाची मते कशी तयार झाली, हे तिच्या इतिहासावरून कोणी समजावून सांगेल का? माझ्यासमोर सध्या दोन जुन्या गाड्या आहेत. एक साधी माझदा ३ आहे आणि दुसरी २००९ सालची आरएक्स-८ आहे. या दुसऱ्या गाडीचे इंजिन नव्याने बांधले आहे, असे विक्रेता तोंडी सांगतो.

जुने_पान:

आपल्या भावाचा प्रश्न मला मुळीच चुकीचा वाटत नाही, कारण या कंपनीची वाहनांमधली सुरुवातच मालवाहू गाडीने झाली. १९२० साली हिरोशिमात स्थापन झाली तेव्हा ती बुचाच्या झाडाच्या सालीपासून वस्तू बनवणारी कंपनी होती आणि तिचे नाव तोयो कॉर्क कोग्यो असे होते. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. कॉर्कचा धंदा फार काळ तारणार नाही हे ओळखून त्यांनी कारखाना यंत्रांकडे वळवला आणि १९३१ साली 'माझदा-गो' ही तीनचाकी बाजारात आणली. तिचा पुढचा भाग मोटारसायकलसारखा, दांडा धरून चालवायचा होता आणि मागे सामानाचा हौदा होता. आपल्याकडचे जुने तीनचाकी टेंपो ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तिचे छायाचित्र ओळखीचे वाटेल. नावात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे मात्सुदा हे आडनाव, आणि दुसरी म्हणजे मुंबईच्या पारशी मंडळींमुळे आपल्याला परिचित असलेला ज्ञानाचा देव अहुर मझ्द.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. ते सकाळी लवकर शहरात केस कापायला गेले होते आणि सव्वाआठला बाँब पडला त्याच्या थोडेच आधी तिथून निघाले होते, म्हणून वाचले. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचू गावात होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी आडवी असल्यामुळे इमारती बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. जखमींवर तिथे उपचार झाले, आणि प्रांताच्या सरकारला बसायला जागा उरली नव्हती म्हणून त्याची कचेरीही पुढे कित्येक महिने याच आवारात चालली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीनचाकींचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. याच कारखान्यात युद्धकाळात सैन्यासाठी रायफली बनत होत्या, हेही इथे सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट अर्धीच राहील. पण हिरोशिमाच्या लोकांना ही कंपनी घरची का वाटते, याचे उत्तर त्या डिसेंबरात आहे असे मला वाटते. तिथल्या बेसबॉल संघाच्या नावातला 'तोयो' हा शब्दसुद्धा या कंपनीच्या जुन्या नावावरूनच आला आहे.

यंत्रशाळा:

इंजिने बसतात असे म्हणणारा आपला सहकारी रोटरी इंजिनाबद्दल बोलत असणार. मी ऑकलंडमध्ये पाच वर्षे हेच इंजिन असलेली आरएक्स-८ वापरली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

१९६०च्या आसपास जपानच्या उद्योग मंत्रालयाला मोटार कंपन्यांची संख्या कमी करून थोड्याच पण मोठ्या कंपन्या ठेवायच्या होत्या. टोकियो आणि नागोयापासून दूर असलेली हिरोशिमाची कंपनी कोणाच्या तरी पोटात जाणार अशी भीती होती. इतरांकडे नाही असे काहीतरी आपल्याकडे असले तरच आपण टिकू, अशा विचाराने कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी १९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. त्यात खालीवर होणारे दट्टे नसतात. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर अंडाकृती खोलीत फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पट्ट्या भिंतीला घासत वायू अडवून धरतात. कागदावर सुंदर दिसणारे हे इंजिन प्रत्यक्षात काही तास चालले की आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे उठत. हिरोशिमाचे अभियंते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या सत्तेचाळीस जणांनी या पट्ट्यांसाठी एकामागून एक पदार्थ वापरून पाहिले, आणि अखेर ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनच्या पट्ट्या टिकल्या. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी इंजिनाची गाडी विक्रीला आली. मूळ परवाना देणाऱ्या एनएसयूची गाडी मात्र याच पट्ट्यांच्या दुखण्याने बदनाम झाली.

मग १९७३चे तेलसंकट आले. रोटरीची ज्वलनाची पोकळी लांबट आणि पातळ असते, त्यामुळे बरीच उष्णता भिंतींना जाते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. धुराचे नियम पाळण्यासाठी ते उरलेले इंधन बाहेरच्या नळीत जाळून टाकता येत होते, पण त्यातून गाडी चालण्याचे काम होत नाही. पेट्रोल महागताच अमेरिकेतली विक्री कोसळली, सुमितोमो बँकेला कंपनी सावरावी लागली आणि कारखान्यातले हजारो कामगार गाड्या विकण्यासाठी विक्रेत्यांकडे पाठवले गेले. यंत्रावर काम करणारा माणूस अनोळखी गावात दारोदार फिरून मोटार विकतो आहे, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. एवढे होऊनही कंपनीने रोटरी सोडली नाही आणि १९७८ साली आरएक्स-७ आणली. शहाणपण म्हणा किंवा हट्ट म्हणा, तिचा नावलौकिक आणि तिची बदनामी या एकाच निर्णयातून आली आहे.

आता आपल्यासमोरच्या गाडीबद्दल. आरएक्स-८ थोडे ऑइल जाणूनबुजून जाळते, कारण रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून ते आत सोडलेलेच असते. दर दोन वेळा पेट्रोल भरताना ऑइलची पातळी दाखवणारी सळई (डिपस्टिक) ओढून पाहणे हा माझा नेम होता, आणि पाहुण्याने गाडी नेली तर हा नेम मोडतो. दुसरी गोष्ट मी अनुभवाने शिकलो. एका थंडीत सकाळी गाडी गॅरेजमधून अंगणात काढली आणि लगेच बंद केली. दुपारी ती सुरूच होईना. थंड इंजिनात सोडलेल्या जास्तीच्या पेट्रोलने आतले ऑइल धुऊन गेले होते, स्पार्क प्लग काढले तेव्हा ते ओले होते आणि हाताला पेट्रोलचा वास येत होता. प्लग वाळवून, इंजिन नुसते फिरवून ते पेट्रोल बाहेर काढावे लागले.

इंजिन नव्याने बांधले आहे या तोंडी शब्दावर मुळीच विसंबू नका. माझी गाडी घेताना मलाही असेच सांगितले गेले होते आणि ते खरे नव्हते. नेहमीच्या कॉम्प्रेशन मापकाचा इथे उपयोग नाही, कारण तो तीन बाजूंपैकी सर्वांत मोठा दाबच दाखवतो. रोटरीचा वेगळा मापक असतो, आणि तो दोन्ही रोटरांच्या प्रत्येकी तीन बाजूंचा दाब स्वतंत्रपणे देतो. ती चाचणी इंजिन गरम असताना करून घ्या आणि सहाही आकडे छापून मागा.

नाशिकचा_विनय:

वरील प्रतिसादात एक भर घालतो. २३ जून १९९१ रोजी फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची मोटार शर्यत माझदाच्या ७८७बी या चार रोटरांच्या गाडीने जिंकली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली जपानी कंपनी होती, आणि दुसऱ्या जपानी कंपनीला, म्हणजे टोयोटाला, त्यासाठी २०१८ उजाडावे लागले. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारा जॉनी हर्बर्ट इतका शुष्क झाला होता की, त्याला बक्षीस घ्यायला मंचावरही जाता आले नाही. "माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली" असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. फक्त साडेतीन लिटरच्या दट्ट्यांच्या इंजिनाला परवानगी देणारा नियम आधीच ठरलेला होता आणि १९९१ ही रोटरीची शेवटचीच संधी होती. गाडीला वजनाच्या नियमात मिळालेली सवलतही विजयाला कारणीभूत होती. सत्य सांगितल्याने त्या विजयाचे मोल कमी होत नाही.

गेल्या वर्षी हिरोशिमाच्या कारखान्यातल्या संग्रहालयात मी ती नारिंगी-हिरवी गाडी पाहिली. आमच्याबरोबर आलेले एक वृद्ध जपानी गृहस्थ तिच्यापुढे टोपी काढून उभे राहिले.

जुने_पान:

आपल्या पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणेही खरे आहे, फक्त ते नंतरच्या काळाचे आहे. १९७९ साली फोर्डने कंपनीत सुमारे चतुर्थांश हिस्सा घेतला. १९९६ साली तो ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. मोठ्या जपानी मोटार कंपनीचे ते पहिले परदेशी अध्यक्ष होते. २००८च्या मंदीत फोर्डने हिस्सा विकायला काढला आणि हिरोशिमाला पुन्हा एकट्याने उभे राहावे लागले. विजेच्या गाड्यांवर मोठा खर्च करण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा तिने साध्या पेट्रोल इंजिनाचाच कस वाढवला. इंजिनातले हवा-पेट्रोलचे मिश्रण १४ला १ इतके दाबले की ते वेळेआधी पेटण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी धुराच्या नळ्या लांब करून गरम वायू परत आत येणार नाही अशी रचना केली. ही कामगिरी दिसायला साधी आहे, पण मला ती रोटरीइतकीच मोठी वाटते. २०२० साली अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'च्या विश्वासार्हतेच्या यादीत माझदा टोयोटाच्याही वर पहिली आली. आपल्या ऑस्ट्रेलियात तर माझदा ३ ही २०११ आणि २०१२ साली सर्वाधिक विकली गेलेली मोटार होती. जुन्या माझदांना गंज लवकर लागतो ही तक्रार मात्र थंड देशांत खरीच होती, म्हणून जुनी गाडी खालून टॉर्च लावून पाहा.

यारा_काठी:

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी रोटरीचे काम जाणणाऱ्या एका कारागिराला सोबत घेऊन गेलो. विक्रेत्याने आधी टाळाटाळ केली, नंतर चाचणीला परवानगी दिली. पुढच्या रोटरचे तीन आकडे जवळजवळ सारखे आले, पण मागच्या रोटरचे तिन्ही बरेच खाली होते. ती गाडी सोडली. माझदा ३ टॉर्च लावून खालून पाहिली, गंज नाही. बयाणा दिला आहे आणि कागदपत्रे गुरुवारी होतील.