प्रतिफळ, मजुरी, मुगूट आणि 'भरून पावले'

शब्दवेडा:
मंडळी एक शंका आहे. मागच्या आठवड्यात नगरला मित्राच्या आजोबांच्या मातीला गेलो होतो, ख्रिस्ती कुटुंब, आजोबा अगदी साधे, आयुष्यभर सायकलवर. पाळकसाहेब बोलता बोलता म्हणाले की बाबांना आता त्यांचं प्रतिफळ मिळालं. शेजारच्या एका जुन्या कबरीवर कोरलं होतं, 'मरेपर्यंत तू विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन'. अक्षरांत शेवाळ भरलेलं, 'मुगूट' तर मी बोटानं चाचपून वाचला. तर प्रश्न असा की प्रतिफळ म्हणजे आपलं पुण्याचं फळच ना? मग सरळ बक्षीस का नाही म्हणत? आणि मुगूट कसला, राजाचा का?

नगरी मिरची:
दादा, पुण्याचं फळ म्हणू नका, आमची आजी उठून बसेल 😄 लहानपणापासून संडेस्कूलमध्ये घोकून घेतलंय की तारण, म्हणजे पापातून सुटका, फुकट आहे, ते कमवता येत नाही, ती कृपा. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायात सरळ आहे, पापाचं वेतन मरण, पण देवाचं ते कृपादान. म्हणजे पापाला पगार आणि देवाकडून दान. प्रतिफळ ही त्याच्या पुढची गोष्ट, तारण झाल्यावर तुम्ही कसे जगलात, काय सोसलंत, कुणाला काय दिलंत त्याबद्दल देव आपणहून जे देतो ते. आमच्याकडे कुणी गेलं की 'प्रभूत निजले' म्हणतात आणि मग प्रतिफळाचं वचन वाचतात, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं, 'स्वर्गात तुमचे प्रतिफळ मोठे आहे'. ते वाक्य छळ सोसणाऱ्यांना म्हटलंय बरं का, आरामात बसलेल्यांना नाही.

निवृत्त मास्तर:
शब्दाकडे वळू. संस्कृतात प्रतिफलन म्हणजे प्रतिबिंब पडणे, आरशावर किंवा पाण्यावर. प्रतिफल हे 'उलटून आलेलं' फळ. बक्षीस फारसीतून आलेलं, वरच्यानं खालच्याला खुशीनं दिलेलं, त्यात केलेल्या कामाशी हिशेब असेलच असं नाही, वेटरला देतो तेही बक्षीसच. त्यामुळे भाषांतर करणाऱ्यांनी प्रतिफळ घेतलं ते मला पटतं. मात्र मूळ ग्रीक शब्द आहे मिस्थॉस, आणि त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ मजुरी! आपल्याकडे 'रोज किती घेतोस' म्हणतात ना, तसला रोज. गंमत म्हणजे मराठी शास्त्रातही, म्हणजे बायबलमध्ये, हा एकच शब्द ठिकठिकाणी वेगळा उतरलाय. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रतिफळ, करिंथकरांस पहिल्या पत्रात 'आपापल्या श्रमाप्रमाणे आपापली मजुरी', आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात वेतन. मूळ वाचणाऱ्याला सगळीकडे तोच मजूर दिसतो, मराठी वाचणाऱ्याला एकदा ऋषी, एकदा बिगारी आणि एकदा कारकून.

शब्दवेडा:
मास्तर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो. पण मग मजुरी असेल तर कमावली की! कृपा कुठं राहिली?

वसईवाली:
इथेच तर चारशे-पाचशे वर्षं भांडण झालं बाबा. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे फादर सत्कृत्यांचं मोल मानतात, प्रोटेस्टंट लोकांना त्यात कमाईचा वास येतो. 1547 ला ट्रेंटच्या सभेत कॅथलिक चर्चनं आपली बाजू लिहून काढली, आणि 1999 ला ऑग्सबर्गमध्ये लूथरन (प्रोटेस्टंटांतला एक पंथ) आणि कॅथलिक दोघांनी मिळून एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या की तारण कृपेनंच आहे, कामं त्याची फळं. संत ऑगस्टिननं तर फार आधीच म्हटलं होतं, देव आपल्या कामांना मुगूट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुगूट घालत असतो. म्हणजे बापानं पोराला खाऊचे पैसे द्यावेत, पोरानं त्यातून बापाला चहा पाजावा आणि बापानं खूश होऊन परत दहा रुपये द्यावेत, तसं काहीतरी 😀

नगरी मिरची:
वसईवाली ताई मस्त सांगितलंत. आणि द्राक्षमळ्याचा दाखला विसरू नका, मत्तय 20. सकाळपासून राबलेले, नऊला आलेले, बाराला, तीनला, आणि पार पाचला येऊन तासभर काम केलेले, सगळ्यांना एकच रोज. सकाळचे कुरकुरले तर मालक म्हणतो ठरला तेवढा दिला ना, मग? आमच्या गावात कांदा काढणीला असं केलं तर दुसऱ्या दिवशी बायका येणारच नाहीत. म्हणून मजुरी हा शब्द घेतला तरी हिशेब आपला चालत नाही तिथं. उलट एक प्याला थंड पाणी दिलं तरी प्रतिफळाला मुकणार नाही म्हटलंय. मजुरीच्या बाजारात एका प्याल्याला कोण विचारतो.

केसरी फॅन:
मुगुटाचं कुणी बोलेना म्हणून येतो. राजाचा नाही तो. ग्रीकमध्ये राजाचा पट्टा तो डायडेमा, आणि इथला शब्द स्टेफानॉस, म्हणजे पाल्याचं कडं, शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं. ऑलिम्पियाला रानऑलिव्हच्या डहाळीचं, करिंथजवळच्या इस्थमियाच्या खेळांत पाइनचं. प्रेषित पौलानं चिठ्ठी लिहिली (तेच करिंथकरांस पत्र) ती करिंथच्याच लोकांना, ज्यांच्या गावाजवळ दर दोन वर्षांनी हे खेळ व्हायचे, म्हणून तो म्हणतो ते नाशवंत मुगुटासाठी धावतात आपण अविनाशी मुगुटासाठी. पाला तो, दोन दिवसांत वाळणार! आपल्याकडे म्हणायचं तर महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा, पण गदा वाळत नाही त्यामुळे उपमा फसते. आणि पेत्राच्या पत्रात न कोमेजणारा म्हणताना जो ग्रीक शब्द आहे त्याच्याच घराण्यातून अमरँथ हे नाव आलं, म्हणजे आपला राजगिरा. उपासाला लाडू खाताना आठवा.

निवृत्त मास्तर:
राजगिऱ्याचं आवडलं. मुगूट शब्दानं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सोन्याचा, विठोबाचा मुगूट येतो ही मात्र खरी अडचण. हार म्हटलं तर गळ्यात जातो. फेटा म्हटलं तर लग्नाला जातो. त्यामानानं मुगूट परवडला.
जाता जाता, भाषांतराची जुनी परंपरा अशी की फादर स्टीफन्सनी 1616 ला गोव्यातल्या रायतूरच्या छापखान्यात ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. पुढे श्रीरामपूरला विल्यम केरींनी वैजनाथ पंडितांच्या मदतीनं नवा करार (बायबलचा दुसरा भाग) मराठीत केला. आणि केडगावच्या पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत उतरवलं, संस्कृताळलेले, हिंदू छटा असलेले शब्द टाळायचा त्यांचा कटाक्ष. त्या 1922 ला वारल्या, पुस्तक दोन वर्षांनी आलं.

वसईवाली:
मास्तर, ते श्रीरामपूर बंगालचं हं, नगर जिल्ह्यातलं नव्हे, नाहीतर मिरची ताई क्लेम करतील.

नगरी मिरची:
करणारच होते 😂

दस्तलेखक:
बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो कारण माझ्या धंद्याचा शब्द आहे. तीस वर्षं खरेदीखतं लिहिली. मत्तय सहामध्ये जिथं लोकांनी बघावं म्हणून रस्त्यात करणा वाजवून दानधर्म करणाऱ्यांबद्दल आहे, तिथं मराठीत वाक्य आहे 'ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत'. हे मी पहिल्यांदा एका पक्षकाराच्या घरी वाचलं, वाट बघत बसलो होतो म्हणून चाळलं, आणि चाटच पडलो. कारण आमच्या दस्तात हेच असतं, 'सदर रक्कम मला भरून पावली, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वेगळ्या पावतीची जरूर नाही'. एकदा हे लिहून सही झाली की विषय संपला, नंतर येऊन राहिलेत द्या म्हणता येत नाही. तिथंही तसंच, वाहवा घेतली ना, मग वर काही शिल्लक नाही. ग्रीकमध्ये काय आहे मास्तर?

निवृत्त मास्तर:
अहो तुम्ही बरोबर नस पकडलीत. तिथं आपेखूसिन आहे, आणि इजिप्तच्या वाळूत जे जुने पपायरस सापडले त्यांतल्या पावत्यांवर हेच क्रियापद, आपेखो, म्हणजे 'मला पोचले'. अडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकानं हे दाखवून दिलं. म्हणजे मूळ शब्द पावतीचा, आणि भाषांतर करणाऱ्यांनी मराठी पावतीचाच शब्द ठेवला. 'मिळाले' लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण धार गेली असती. पावती हा शब्दच पावणेवरून, हे सांगायला नको.

शब्दवेडा:
आणि आता आपण 'भरून पावलो बाबा तुझ्यापुढे' असं वैतागून म्हणतो! तिथेही पुढचा हिशेब बंदच असतो म्हणा.
त्याच अध्यायात पुढे ते कसर आणि जंगचंही आहे ना?

नगरी मिरची:
हो, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, कसर व जंग खाऊन नाश करतात आणि चोर घर फोडून चोरी करतात. माझ्या आईच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूला कसर लागली होती, जरीची किनार तेवढी शाबूत आणि मधे चाळणी. आई शालू हातात धरून एवढंच म्हणाली, मत्तय सहा.

दस्तलेखक:
घर फोडून हेही अचूक. भिंतीला भोक पाडून आत शिरणे. पोलीस अजून घरफोडीच लिहितात, भले कुलूप तोडलेलं असो.

केसरी फॅन:
एक प्रश्न ताई, खवचटपणा नाही. देवळात, चर्चमध्ये, शाळेत, सगळीकडे पंख्याच्या पात्यांवर रंगवलेलं असतं अमुक यांजकडून सप्रेम भेट. ते भरून पावले का मग?

नगरी मिरची:
आमच्या चर्चमध्ये मधल्या पंख्यावर आजोबांचं नाव आहे 🙈 पण पंखा चालू असला की वाचता येत नाही, आणि नगरच्या उन्हाळ्यात तो बंद कधी नसतोच.